दादाच्या गाडीचे ब्रेक

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी, वाघोलीच्या पुढे एका प्लॉटिंगच्या रस्त्यावर, माझ्या मोठ्या भावाच्या उजव्या पायातली ताकद कमी झाल्याचं लक्षात आलं. त्याआधी जवळजवळ वर्षभर त्याच्या गाडीचे ब्रेक बदलण्याचं काम चालू होतं.

काम करणारे आम्ही तिघं होतो. दादा, त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि मी. मित्राचं खडकीत वर्कशॉप होतं. दादा एका वाहन कारखान्यात टेस्टिंग विभागात होता. नव्या गाड्या पळवून, थांबवून, खड्ड्यांत घालून त्यांचं काय होतं ते पाहणं हीच त्याची नोकरी. मी एका दैनिकात उपसंपादक होते. रविवारी ड्यूटी संध्याकाळची असायची, म्हणून सकाळ मोकळी मिळे.

गाडी साठच्या दशकातली, इंग्रजी, दोनच माणसांची, उघडी. कॅम्पातल्या एका वृद्ध गृहस्थांकडून दादाने ती घेतली तेव्हा सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. मित्राने इंजिन उभं केलं. रंग दादाने स्वतः निवडला, गडद हिरवा.

त्या गाडीकडून त्याला एकच गोष्ट हवी होती. तमिळनाडूत मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक आहे. वर्षातले काही दिवस तिथे जुन्या गाड्यांच्या मालकांना आपली गाडी घेऊन उतरता येतं. शर्यत नसते, बक्षीस नसतं. दादाने नोकरीत आयुष्यभर कारखान्याच्या गाड्या ट्रॅकवर चालवल्या होत्या. स्वतःच्या मालकीची गाडी एकदा तरी तिथे स्वतः चालवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. हे तो कुणाला फारसं सांगत नसे. वहिनीलाही त्याने ते गाडी घरी आणल्यावर सांगितलं.

ट्रॅकवर उतरायचं तर आधी ब्रेक बदलायला हवे होते. शहरात ब्रेक दाबला की पुढच्या सिग्नलपर्यंत तो गार होतो. ट्रॅकवर एका वळणाला दाबलेला ब्रेक गार व्हायच्या आत दुसरं वळण येतं. चाकाला पकडणारे पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल पायाखाली नुसतंच खाली जातं. या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्यांना ड्रम ब्रेक होते, दोन्ही चाळीस वर्षांपूर्वीच्या मापाचे. "गाडी पळते हे कुणीही सांगेल," दादा म्हणायचा. "थांबते का ते सांगा."

कारखान्यातली पद्धत त्याने जशीच्या तशी रविवारच्या कामाला लावली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की वाघोलीच्या रस्त्यावर न्यायची, ताशी ऐंशीच्या वेगाने आणायची, फक्कीच्या रेषेवर ब्रेक दाबायचा आणि गाडी किती अंतरात थांबली ते टेपने मोजायचं. लागोपाठ तीनदा. तिन्ही वेळा अंतर सारखं आलं तर तो बदल पास. आणि चालवणारा कायम एकच. चालवणारा बदलला की आकडा बदलतो, हा त्यांच्या विभागातला पहिला नियम होता. त्यामुळे चालवणारा नेहमी दादा. मित्राने गाडी वर्कशॉपच्या आवारात मागेपुढे केली असेल तेवढीच. वेगात असताना तिचा ब्रेक त्याने कधी दाबला नव्हता. मी टेपचं टोक धरायचे.

प्लॉटिंगचा रस्ता सरळ, नवा आणि रिकामा होता. प्लॉट विकले गेले होते, घरं उठली नव्हती. जमिनीचे मूळ मालक शेजारीच राहत. पहिल्या दिवशी दादा त्यांची परवानगी घ्यायला गेला.

"रस्ता तुमचाच हाय समजा," ते म्हणाले. "फकस्त शेळ्या येत्यात मधनं. त्येंला ब्रेक नाय."

ते कधीकधी बांधावर येऊन बसत. एवढा पैसा घालून गाडी पळवायची सोडून हे लोक ती थांबवत का बसतात, असं त्यांनी मित्राला एकदा विचारलं होतं. मित्र म्हणाला, "पुण्याचे आहेत हो. पळण्यापेक्षा थांबण्याचं कौतुक जास्त."

दादाची पहिली तक्रार मार्चमध्ये आली. पेडल जड लागतंय, गाडी हवी तशी थांबत नाही. तक्रार पटण्यासारखी होती. जुने पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते. मित्राने शर्यतीचे पॅड मागवले. ते बसवल्यावर पेडल आणखीच लाकडासारखं झालं, असं दादा म्हणाला. त्यालाही कारण सापडलं. शर्यतीचे पॅड गार असताना पकडत नाहीत, आधी तापवावे लागतात. तापवून पाहिले. अंतर थोडं कमी झालं.

मग पुढच्या डिस्क आणि कॅलिपर बदलले. कॅलिपर म्हणजे पॅडला डिस्कवर दाबणारा पंजा. जुन्याला दोन पिस्टन होते, नव्याला चार. ते बाहेरच्या देशातून यायला पावसाळा उजाडला. बसवल्यावर पहिल्या रविवारी गाडी इतक्या कमी अंतरात थांबली की मित्राने टेप पुन्हा धरायला लावला. दादा गाडीतून उतरला आणि नुसताच बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. त्या दिवशी आम्ही परतताना चहाला थांबलो आणि त्याने मित्राला ट्रॅकवरचं पहिलं वळण बोटाने टेबलावर काढून दाखवलं.

गणपतीनंतर पुन्हा तीच तक्रार.

"हवा असेल ऑइलच्या लाइनमध्ये," मित्र म्हणाला. त्याने हवा काढली. पुढच्या आठवड्यात पुन्हा काढली. मग ऑइलच्या रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या बसवल्या. मग जास्त तापमानाला उकळणारं ऑइल भरलं. प्रत्येक बदलानंतर पहिल्या खेपेला अंतर बरं यायचं. तिसऱ्या खेपेपर्यंत ते वाढायचं. दादा म्हणायचा, ब्रेक तापून सुटताहेत. मित्र डिस्कजवळ हात नेऊन म्हणायचा, फारशा तापलेल्या नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

"एक ते चार बंद असतो काय रे तुझा पाय?" मित्राने एकदा विचारलं. "दाब की जरा."

"पाटी लावलीये. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावी," दादा म्हणाला.

सर्वो बसवावा, असं मित्राचं मत होतं. सर्वो म्हणजे इंजिनच्या ओढीने पायाचा जोर वाढवून देणारा डबा. या गाडीला मुळात तो नव्हता आणि दादाला तो नको होता. चाकाखाली काय चाललंय ते पायाला थेट कळलं पाहिजे, असं तो म्हणायचा. "मला त्या ब्रेकशी बोलायचंय. मध्ये दुभाष्या कशाला?"

घरातली माहिती मला वहिनीकडून पुढे कळली. पावसाळ्यापासून दादाची उजव्या पायातली चप्पल चालताना निसटत होती. तिने त्याला मागे पट्टा असलेली सँडल आणली. जिना चढताना तो एकदा ठेचकाळला; पायरीची फरशी वर आलीये, असं म्हणून त्याने गवंडी बोलावला. रात्री झोपेत पोटरी फडफडायची. "कातडीखाली मासोळी हलावी तसं," ती म्हणाली. "मी म्हटलं, दर रविवारी ब्रेक दाबून दाबून पाय दुखावला असेल."

जानेवारीतल्या त्या रविवारी काहीच नवीन बदललेलं नव्हतं. आदल्या आठवड्याचे आकडे पुन्हा तपासायचे होते, एवढंच. ट्रॅकवरचा दिवस ठरला होता, मार्चच्या शेवटचा. दादाने तीन खेपा केल्या. तिसऱ्या वेळी गाडी आजवरच्या सगळ्यांत लांब जाऊन थांबली.

"लाकूड झालंय नुसतं," तो खाली उतरून म्हणाला. "मास्टर सिलिंडर गेला."

मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलचा जोर ऑइलमध्ये उतरवणारा भाग. तो मित्राने नवाच बसवला होता.  मित्र जाऊन गाडीत बसला, दार ओढून घेतलं आणि रस्त्याच्या टोकाला जाऊन वळून आला. रेषेवर त्याने ब्रेक दाबला. पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी थिजली. गाडीचं नाक खाली गेलं, मागचा भाग उचलला गेला आणि रबराचा वास आला. मी टेप घेऊन पुढे झाले. मोजायचं कारण नव्हतं. दादाच्या तिसऱ्या खेपेच्या निम्म्याच्याही आत ती थांबली होती.

मित्र गाडीतच बसून राहिला. बांधावरचे जमीनमालक म्हणाले, "आता कसं झ्याक थांबली."

दादा जवळ गेला आणि म्हणाला, "परत कर."

मित्राने परत केलं. पुन्हा तसंच.

"चल आता खडकीला," दादा म्हणाला. मग तो ड्रायव्हरच्या बाजूला न जाता दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. दोनच जागा होत्या. मी माझ्या स्कूटरवर मागून खडकीपर्यंत आले.

वर्कशॉपच्या वर मित्राचं घर होतं. तिथला उभं राहून वजन करायचा काटा दादाने खाली मागवला. काटा भिंतीला उभा टेकवला, समोर खुर्ची ठेवून ती मित्राला मागून धरायला सांगितली आणि तो बसून आधी डाव्या पायाने, मग उजव्या पायाने काट्यावर दाबू लागला. आकडे तो स्वतःच वाचत होता. डाव्या पायाचा जोर उजव्याच्या दुपटीहून जास्त भरला. त्याने बूट काढून पुन्हा केलं. खुर्ची थोडी पुढे घेऊन पुन्हा केलं.

"काटा बिघडलाय," मित्र म्हणाला.

"डाव्या पायाला नीट आहे की," दादा म्हणाला आणि बूट घालायला लागला. उजव्या बुटाची नाडी बांधताना त्याला वेळ लागला. आम्ही दोघं दुसरीकडे पाहत राहिलो.

तपासण्यांमध्ये फेब्रुवारीचा पहिला आठवडा गेला. शेवटच्या भेटीला वहिनी आणि मी बरोबर होतो. स्नायूंना हालचालीचा निरोप पोचवणाऱ्या मज्जापेशी मरत चालल्या आहेत, असं न्यूरॉलॉजिस्टने सांगितलं. हे पायापासून सुरू झालंय, हातांकडे आणि गिळण्याकडे जाईल. थांबवणारं औषध नाही.

"आपण गाडी चालवता का अजून?" त्यांनी विचारलं.

"चालवता येते," दादा म्हणाला. "थांबवायला त्रास होतो."

डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. रिक्षात वहिनी म्हणाली, "अहो, ऐकलंत ना?" तो हो म्हणाला.  घरी गेल्यावर त्याने तिला सांगितलं की रहदारीत तो पुन्हा चालवणार नाही. रिकाम्या रस्त्यावर, मित्राच्या देखत, मार्चपर्यंत चालवणार. तिने नाही म्हटलं. दोन दिवस घरात याच्याशिवाय बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. "वन्सं, तुम्ही तिथे असता ना रविवारी? मग मीही येते. घरी बसून काय करू?"

फेब्रुवारीपासून ब्रेकच्या कामाची दिशा बदलली. पॅड, डिस्क, कॅलिपर सगळं उत्तम होतं. आता ते कमी जोराने लागायला हवं होतं. दादाने स्वतःच सर्वोचं नाव काढलं. मित्राने एका जुन्या मोठ्या मोटारीचा सर्वो आणून बसवला. पेडल निम्म्याने हलकं झालं. दोन रविवार अंतर नीट आलं. मग पुन्हा वाढलं. मित्राने कमी व्यासाचा मास्टर सिलिंडर बसवला. त्यात पेडल जास्त खाली जातं, पण जोर कमी लागतो. पेडलची दांडी लांब केली, तळव्याखालची पट्टी रुंद केली. आता वर्कशॉपमधल्या कुणीही त्या पेडलवर पाय ठेवला तर कपाळ काचेवर आपटेल, इतकं ते हलकं झालं होतं. दादाला ते बरोबर लागत होतं.

वहिनी डबा घेऊन यायची आणि गाडीच्या विरुद्ध दिशेला तोंड करून बसायची. गाडी थांबल्याचा आवाज आला की वळून पाहायची. एकदा जमीनमालकांच्या घरून तिच्यासाठी खुर्ची आली, नंतर दर वेळी येऊ लागली.

ट्रॅकला निघायच्या आधीच्या रविवारी शेवटची चाचणी होती. गाडी ट्रकवर चढवून न्यायचं ठरलं होतं, ट्रकही सांगून ठेवला होता. पहिली खेप उत्तम झाली. दुसरीही. दोन्ही वेळा अंतर त्या पावसाळ्यातल्या सर्वोत्तम आकड्याच्या जवळ होतं. मित्राने मला खूण केली.

तिसऱ्या खेपेला गाडी रेषेवरून तशीच पुढे गेली. वेग कमी झाला नाही. रेष मागे पडल्यावर बऱ्याच वेळाने ब्रेक लागला, आणि लागला तो जोरात. गाडी रस्ता संपतो तिथल्या मुरुमाच्या ढिगाशी थांबली. वहिनी उठून उभी राहिली होती.

आम्ही पोचलो तेव्हा दादाने इंजिन बंद केलं होतं. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"ब्रेक चांगला आहे," तो म्हणाला. "पाय तिथपर्यंत उचलला गेला नाही."

अॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर जायला पाऊल आधी वर उचलावं लागतं. पेडल कितीही हलकं केलं तरी तेवढं उचलणं उरतंच.

"पहिल्या दोनदा तर थांबलीच की," मित्र म्हणाला. "थोडी विश्रांती घे. परत बघू."

"ट्रॅकवर तिसरं वळण असतं."

"हाताचा ब्रेक करू मग. लिव्हर लावतो. अपंगांच्या गाड्यांना लावतात तसा. दोन दिवसांत करून देतो."

"आणि हात जातील तेव्हा?"

मित्र मुरुमाच्या ढिगावर बसला. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि हात काळा असल्यामुळे कपाळ काळं झालं. दादा त्याला म्हणाला, "तू ने. सगळं तयार आहे. वर्षभर तूच केलंयस."

"चालवणारा बदलला की आकडा बदलतो," मित्र म्हणाला.

"आता आकडा कुणाला हवाय?"

मित्राने नकारार्थी मान हलवली. वहिनी तोवर पोचली होती. तिने दार उघडलं, दादाचा उजवा पाय दोन्ही हातांनी धरून बाहेर ठेवला आणि त्याला उठायला खांदा दिला. असं तिने सगळ्यांसमोर पहिल्यांदाच केलं. तो उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने ट्रॅकवाल्यांना फोन करून आपण येत नसल्याचं सांगितलं. कारण विचारल्यावर ब्रेकचं काम राहिलंय, असं म्हणाला. ट्रकवाल्याला मित्राने परत पाठवलं.

दादाने त्या वर्षी नोकरी सोडली. दिवाळीत त्याच्या हातात काठी होती. पुढच्या दिवाळीत तो खुर्चीत होता आणि बोलणं कळायला कठीण झालं होतं. वहिनीला कळत असे, ती आम्हाला सांगे. मित्र दर गुरुवारी यायचा. गाडीबद्दल सुरुवातीला बोलत, नंतर नाही. गाडी खडकीला कव्हरखाली होती. मित्र आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून बंद करायचा. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, सकाळी, घरीच दादा गेला. मी ऑफिसातून सुट्टी घेऊन दोन दिवस आधीच येऊन राहिले होते. अंत्यविधी वैकुंठात झाले.

वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनीने गाडी विकायचं ठरवलं. मित्राला तिने आधी विचारलं. त्याने नको म्हटलं. कोल्हापूरच्या एका तरुणाने गाडी पाहिली आणि घेतली. तो हौशी होता, ट्रॅकवर जाऊन आलेला होता. गाडी ट्रकवर चढवताना मित्र हजर होता. वहिनी आली नाही.

दोन आठवड्यांनी त्या कोल्हापूरच्या तरुणाचा वहिनीला फोन आला. मी तिच्याकडेच होते. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"वहिनी, गाडी एक नंबर आहे," तो म्हणाला. "ब्रेकचं काम तर असं मी कुठं बघितलं नाही. पण पेडल लई हलकं ठेवलंय. नुसता पाय टेकला की गाडी नाक घासती. असं का केलंय, काय माहिती आहे का तुम्हाला?"

"आमच्या ह्यांनी स्वतःच्या पायाला लावून घेतलं होतं," वहिनी म्हणाली.

 मग त्याने विचारलं, "मी बदलून घेतलं तर चालेल का?"

"गाडी तुमची आहे. तुमच्या पायाला लावून घ्या."

पुढच्या महिन्यात त्याने सर्वो काढून टाकला आणि मूळ मापाचा मास्टर सिलिंडर बसवला. तसं त्याने फोन करून कळवलं.